ओली माती, कोरडा दोर

माझे पती गेले त्याला आठ महिने झाले होते. गाव त्यांना मास्तर म्हणे. शेवटची तीन वर्षं त्यांची आठवण हळूहळू जात होती, आणि त्याची पहिली खूण आमच्या तुळशीपाशी दिसली होती. सकाळी ते पाणी घालत, चहा पीत, आणि पुन्हा तांब्या घेऊन अंगणात उतरत. "आत्ताच घातलंत की," मी म्हणे. ते ओल्या मातीकडे बघत आणि हसत. ते हसू मला कधी नीट वाचता आलं नाही.

म्हणून गावच्या शाळेत वयस्कांसाठी वर्ग सुरू झाला तेव्हा माझा त्यावर विश्वास नव्हता. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी एक निवृत्त परिचारिका मालवणहून येई. आधी आम्हाला वाळूत भरभर चालवी, मग शाळेच्या पडवीत श्वासाकडे लक्ष देत बसवी. यानं डोकं शाबूत राहायला मदत होते, म्हणे. माझे पती जन्मभर त्याच वाळूत चालले होते. मी तिला तसं सांगितलं.

"हमी कोणीच देणार नाही, बाई," ती म्हणाली. इतक्या चटकन कबूल केलं, तेव्हा मला अधिकच संशय आला.

तिनं घरी एक काम दिलं होतं. रोजची एखादी गोष्ट करताना हात काय करताहेत ते पुटपुटत म्हणायचं. मी तुळशीला पाणी घालणं निवडलं. दोर ओला आहे. कळशी जड आहे. पाणी मुळाशी मुरतंय. गावच्या वाचनालयात आयुष्य काढलेल्या मला ते पोरकट वाटे, पण करत राहिले.

वर्गाच्या दिवशी मी परतल्यावर पाणी घाली. एका शुक्रवारी परतले, तर माती ओली. जाण्याआधीच घातलं होतं का? आठवेना. मंगळवारी पुन्हा तेच. मी कोणाला सांगितलं नाही. मुंबईहून मुलगा फोनवर "कशी आहेस?" विचारी, त्यातही मला परीक्षा दिसू लागली. मनाशी ठरवलं, हे खरं असेल तर घराला कुलूप लावून त्याच्याकडे जायचं. यांना मी सांभाळलं. मला इथे कोण सांभाळणार?

पुढच्या शुक्रवारीही माती ओली होती. पायरीवर बसले आणि विश्वास नसताना शिकवल्यासारखा श्वास घेतला. मग हातांनी आज काय काय केलं ते आठवू लागले. आज कळशीचं वजन हाताला लागल्याचं कुठेच सापडेना. उठून विहिरीवर गेले. दोर कोरडा ठणठणीत. कळशी काल ठेवली तशी उपडी.

मंगळवारी वर्गाला निघाल्यासारखं केलं आणि विहिरीआड उभी राहिले. थोड्या वेळानं पलीकडची ख्रिस्ती शेजारीण आली आणि दोन अंगणांमधल्या दगडी गडग्यावरून हात लांबवून तुळशीत तांब्या ओतू लागली.

"काय करतंस गो?"

ती दचकली. अर्धं पाणी तिच्याच अंगावर. "जेजू! जीव घेशात माझो, बाई!"

"माझ्या तुळशीक पाणी कित्या घालतंस?"

"तुमी इसारतास म्हणान. मंगळवारी, शुक्रवारी कोरडीच टाकून जातास. आणि बाकीचे दिस तिच्यापुढे एकट्याच पुटपुटतास. माका वाटला, मास्तरांसारखाच चालू झाला!"

"परत इल्यावर घालतंय गो मी."

"माका काय म्हायत? मास्तर रोज गडग्यार येवन सांगायचे, 'तुळशीक पाणी घाल गो, माझ्या ध्यानात रवणा नाय.' रोज नव्यान. मी रोज होय म्हणायचंय. होय म्हटलला, मगे घालूक नको?"

मी गडग्याला धरून उभी राहिले. आपण विसरतोय हे त्यांना कळत होतं. मला मात्र त्यांनी ते कधी सांगितलं नाही. सांगितलं ते हिला.

"तू पण चल वर्गाक," मी शेवटी म्हणाले.

"माका कित्याक? माझा डोका बरा आसा."

"मगे पाणी कोणाच्या अंगार सांडला?"

ती हसली, पण आली नाही. वर्गाचा उपयोग होतो की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. जाते. मंगळवारी आणि शुक्रवारी तुळस तिच्याकडे असते. परतल्यावर माती ओली दिसते, कोणी भिजवली तेही ठाऊक असतं, आणि तरी घरात शिरण्याआधी मी विहिरीच्या दोराला हात लावून बघते.