पीरभाईंची पाच ॲप

तिसगावच्या एसटी स्टँडसमोर पीरमहंमद यांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांचे वडील त्याच जागेत रेडिओ आणि घड्याळं दुरुस्त करायचे. मी पाथर्डीला शाळेवर आहे. सकाळी गाडीची वाट बघत मी त्यांच्या दुकानाच्या बाकावर बसतो, त्याला आता अकरा वर्षं झाली. म्हणून हे जे सांगतोय, त्यातलं काही पाहिलेलं आहे आणि बाकीचं त्यांनीच मला सांगितलेलं.

नवा फोन घेऊन कुणी आलं, की पीरभाई लगेच फोनला हात लावत नसत. आधी विचारायचे, "राहता कुठं? करता काय?" मग त्या माणसाच्या उपयोगाची पाच ॲप टाकून द्यायचे. डोळे अधू झालेल्या म्हाताऱ्याला गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं मोठी करून दाखवणारं. टेम्पोवाल्याला रस्ता दाखवणारं. शेतकऱ्याला सातबारा, बाजारभाव आणि हवामान. कुणी सहावं मागितलं तर म्हणायचे, "पाच नीट वापरा. मग सहावं मागायला या." लोक लांबच्या वस्त्यांवरून फोन घेऊन त्यांच्याकडे यायचे ते या पाच ॲपसाठी. पीरभाईंना त्याचा अभिमान होता. तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचाही.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात बन्सी नावाचा शेतकरी नवा फोन घेऊन आला. पन्नाशी उलटलेला, हसतमुख माणूस. डोंगराच्या अंगाला त्याची वस्ती, आठ एकर कापूस-बाजरीचं रान आणि चार शेळ्या. फोन घेऊन दिला होता त्याच्या लेकीनं, पूजानं. ती संगमनेरला दिलेली. नातीचं, संस्कृतीचं, तोंड रोज दिसावं एवढीच बन्सीची हौस होती.

पीरभाईंनी नेहमीसारखी पाच ॲप टाकली. पाचवं मुद्दाम टाकलं. जवळपास वीज पडण्याचा धोका असला, की अर्धा तास आधी वाजून सांगणारं. बन्सीच्या त्या अंगाला आदल्याच वर्षी दोन बैल विजेनं गेले होते. "हे विजेचं हाय बन्सीभाऊ, ह्याला काढू नका," एवढं ते म्हणाले. तोवर दुसरं गिऱ्हाईक पुढे आलं होतं.

महिनाभरानं, बाजारच्या दिवशी, बन्सी परत आला. येताना टोपीत पाचसहा सीताफळं घेऊन आलेला.

"पीरभाई, ह्यो फोन लई कावतो हो. सकाळधरनं टुंगटुंग टुंगटुंग. शेळ्या बुजत्यात. पूजाचा फोन तेवढा वाजू द्या, बाकीचं समदं गप करा."

दुकानात सातआठ माणसं खोळंबली होती. पीरभाईंनी सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या सूचना एका झटक्यात बंद केल्या. "घ्या. आता फक्त फोन वाजंल." बन्सी खुशीत गेला. मी त्या दिवशी तिथेच होतो. एक सीताफळ मला मिळालं होतं.

ऑक्टोबरात परतीचा पाऊस लांबला. एका दुपारी बन्सी आणि त्याची बायको मनकर्णा कापूस वेचत होती. आभाळ भरून आलं तशी मनकर्णा वेचलेला कापूस डोक्यावर घेऊन घराकडे निघाली. बन्सी राहिलेली ओळ संपवायला थांबला. सरी आल्या तेव्हा तो बांधावरच्या कडुलिंबाखाली गेला, आणि वीज त्या लिंबावरच पडली. मनकर्णा घराच्या दारात पोचली होती. तिनं आवाज ऐकला. लिंबाकडून धूर येताना पाहिला, आणि ती तशीच माघारी पळत सुटली.

दहावा झाल्यावर ती फोन घेऊन दुकानात आली. फोन भाकरीच्या पिशवीत बांधावर लांब होता, त्याला काही झालं नव्हतं. पण तो उघडत नव्हता, आणि बन्सीचा बरासा फोटो त्यातच होता. भिंतीवर लावायला पाहिजे होता. फोनचं कुलूप पीरभाईंनीच लावून दिलेलं. त्यांनी बोट फिरवलं, फोटो काढून दिला. मनकर्णा फोटो बघत बाकावर बसली होती, तेवढ्यात त्यांनी ते पाचवं ॲप उघडलं. का उघडलं ते त्यांना आजही सांगता येत नाही. आत आलेल्या इशाऱ्यांची यादी होती. त्या तारखेचा इशारा होता. दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटं. वीज पडली तीनच्या पुढे.

फोनला इशारा आला होता. फोन गप्प राहिला होता, कारण त्यांनीच त्याला गप्प केला होता.

त्यांनी ॲप बंद केलं आणि फोन परत दिला. मनकर्णाला स्टँडपर्यंत सोडून आले, दुकान लावून घेतलं आणि दोन दिवस उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी बायकोला, शरिफाला, सगळं सांगितलं. शरिफानं निवडायची भाजी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मला सांगून मोकळं व्हायचं हाय का तुमाला? जिला सांगायचं तिला जाऊन सांगा."

ते गेले. वस्तीवर मनकर्णा होती, पूजाही अजून माहेरीच होती. पीरभाई ओट्यावर बसले नाहीत. उभ्यानंच सगळं सांगितलं. ॲप टाकलं ते, आवाज बंद केला ते, यादीत सापडलं ते.

पूजा ताडकन उठली. "एवढं कळत हुतं तुमाला, तर तेवढं एक चालू ठेवायचं ना! माझ्या बापाला काय कळत हुतं त्यातलं? तुमाला कळत हुतं." आणि ती रडत आत गेली. पीरभाई खाली मान घालून उभे राहिले. त्या बोलण्यात खोटं काही नव्हतं.

मनकर्णा मात्र कपाळाला आठ्या घालून काहीतरी आठवत होती.

"इजेचं? म्हंजी आभाळातल्या इजेचं?"

"व्हय, ताई."

"ते तर म्हनत हुते, पीरभाईनं लाईट कवा येनार ते सांगनारं टाकून दिलंय. रात्रपाळीची लाईट आली की मोटार चालू कराया बरं पडंल म्हनून. दोनदा बघितलं बी त्यात. मला म्हनले, ह्यात कायबी कळंना."

पीरभाई तिथंच ओट्यावर बसले. पुढे हे सांगताना ते मला म्हणाले, "सर, आवाज बंद केला ते एक झालं. पण चालू असता तरी त्यांना कळलं नसतं. मी वीज म्हणालो, त्यांनी लाईट ऐकलं. आमच्या गावात आभाळातलीला ईज म्हणतात, तारेतलीला लाईट. वीज हा शब्द बिलाच्या कागदावरचा, म्हणजे लाईटचाच. मला माहीत नव्हतं का? पण मी तेव्हा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं बघत होतो."

माफीचं कुणी काही बोललं नाही. मनकर्णानं आत जाऊन तोच फोन आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"शेत आता मलाच बघायचंय. मला वाचाया येत न्हाई. नीट सांगा."

त्या दिवशी दुपारपर्यंत ते ओट्यावर होते. त्या एका इशाऱ्याला त्यांनी सगळ्यांहून वेगळा, भोंग्यासारखा आवाज लावला. तो तिला पुन्हा पुन्हा ऐकवला. हा वाजला की झाडाखाली जायचं नाही. पक्क्या घरात जायचं. घर लांब असलं तर उघड्यावर पाय जुळवून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही. मनकर्णानं शेताच्या चारी कोपऱ्यांतून घर किती पावलांवर आहे ते चालून बघितलं. लिंबाच्या जळक्या बुंध्यापाशी ती थांबली, पदरानं तोंड पुसलं आणि पुढची पावलं मोजू लागली. पीरभाई मागे, बांधावर उभे होते.

त्यानंतर दुकानाची रीत बदलली. आता ते एका वेळी एकच ॲप टाकतात, आणि ते कशाचं आहे हे त्या माणसाकडून वदवून घेतल्याशिवाय फोन परत देत नाहीत. घाईची गिऱ्हाइकं कंटाळून शेजारच्या दुकानात जातात. वळवाच्या आधी आणि परतीच्या पावसाच्या आधी ते शुक्रवारी नमाज झाली की मोटारसायकलवर वस्त्यावस्त्यांवर जाऊन विजेच्या इशाऱ्याचा आवाज लोकांना ऐकवतात. "आम्हाला काय विकायला आलाय?" असं सुरुवातीला लोक विचारायचे.

पुढच्या वर्षी वैशाखात मनकर्णाच्या रानात अकरा बाया कांदा काढत होत्या. ऊन चांगलं होतं, उत्तरेला नुसतं काळं दिसत होतं. भोंगा वाजला. मनकर्णानं सगळ्यांना हाताला धरून घरात नेलं. पाऊण तास बाया आत बसल्या. पाऊस पडला, कांदा भिजला, वीज काही त्या रानात पडली नाही. लंकाबाई नावाची एक म्हातारी बाई चिडून म्हणाली, "फोनच्या नादानं दीस वाया घालवला हिनं." मनकर्णानं ऐकून घेतलं. दोन आठवड्यांनी पुन्हा वाजला, तेव्हा पुन्हा सगळ्यांना आत नेलं.

हे कळल्यावर मी पीरभाईंना कौतुकानं म्हणालो, "बघा, माणसं वाचली तुमच्यामुळं."

"वाचली का, कुणाला माहीत?" ते म्हणाले. "ईज दुसरीकडं पडली, एवढंच कळलं. न वाजलेलं मात्र मला पक्कं माहीत हाय."

पूजा माहेरी येते तेव्हा तिची गाडी त्यांच्या दुकानासमोरच थांबते. ती उतरते आणि सरळ निघून जाते. पीरभाई दर वेळी काउंटरमागे उठून उभे राहतात. तिनं आजवर एकदाही दुकानाकडे पाहिलेलं नाही.

गेल्या आठवड्यात माझी गाडी उशिरा होती. लंकाबाई नातवाचा जुना फोन घेऊन दुकानात बसली होती. पीरभाईंनी आवाज लावला आणि विचारलं, "आजी, हे काय वाजतंय?"

"गाडी आली वाटतं."

त्यांनी पुन्हा लावला. तिनं पुन्हा चुकीचं सांगितलं. माझी एसटी आली, मी उठलो. चढताना मागे वळून पाहिलं, तर ते स्टूल ओढून तिच्या जवळ बसले होते आणि आभाळाकडे हात करून तिला काही सांगत होते.