अंबूबाईचा मुठा

मी कडावच्या शाळेत शिकवायला आले तेव्हापासून अंबूबाई आमच्याकडे दुधाचा रतीब घालायची. कळंबहून लग्न होऊन इथं आलेली, अंगानं किरकोळ, आवाजानं मात्र दणकट. दूध मापतानाही तिचं तोंड थांबायचं नाही, आणि माझं लक्ष मापाकडे आहे असं दिसलं की बोलणं आणखी वाढायचं. पाणी घालायची का? घालायची. मीही कधी विचारलं नाही, कारण तिच्यासारखी करमणूक मला दुसऱ्या कुठल्या गवळणीनं दिली नसती.

संध्याकाळी तिच्या ओटीवर गावची पोरं जमायची. गोष्ट ठरलेली. एका म्हातारीचं भाताचं खाचर असतं आणि खाचराच्या बांधात एक मुठा राहत असतो. मुठा म्हणजे शेतातला खेकडा. तो बांधाला भोक पाडतो, पाणी वाहून जातं. म्हातारी शिव्या घालत भोक बुजवते, मुठा दुसरीकडे पाडतो. बस, एवढीच गोष्ट. पण म्हातारीच्या शिव्या रोज नव्या असायच्या आणि मुठ्याची उलट उत्तरंही.

प्रत्येक वाक्याला पोरांनी ‘हूं’ म्हणायचं. हुंकार दिल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही, ही रीत तर सगळ्या गावाचीच. अंबूबाईच्या माहेरची रीत त्याहून कडक होती. ज्याचं ‘हूं’ चुकेल त्याच्या दंडाला मुठा चावायचा, आणि मुठा म्हणजे तिचा अंगठा नि तर्जनी. पोरं किंचाळायची, हसायची, पुन्हा जवळ सरकून बसायची. लेक सासरी गेल्यापासून घरात ती आणि तिचा नवरा नामा, त्याला ऐकू कमी यायचं. बोलल्याशिवाय जिला अन्न पचत नाही तिनं जायचं कुठं? पोरं होती म्हणून ती आनंदात होती.

माझा धाकटा भाऊ विष्णू मुंबईत हातानं काढलेल्या चित्रांचे सिनेमे करणाऱ्या मंडळींकडे चित्रं काढायचा. एकदा दिवाळीत आला, ओटीवर बसून गोष्ट ऐकली, दंडावर मुठ्याचे चावे सोसले आणि म्हणाला, “अंबूबाई, या गोष्टीचा मी सिनेमा करू?”

“कर की. गोष्ट काय म्हस हाय, तू नेलीस तर माजा गोठा रिकामा व्हायला?”

पुढं सत्त्याहत्तर साली विष्णू खरोखरच सिनेमाचं यंत्र घेऊन हजर झाला. शनिवारी शाळेत दाखवायचं ठरलं आणि पोरांना दुसरं काही सुचेना. अंबूबाई मात्र दूध ओतून उंबऱ्यातच उभी राहिली.

“बाई, रंगीत मुठा बघितल्यावर पोरं माज्या वटीवर कशाला येतील?”

“येतील गं,” मी म्हटलं. मला तशी खात्री नव्हती. शनिवारपर्यंत रोज दूध दाट आलं, त्यावरून मी ओळखलं की हिचं चित्त थाऱ्यावर नाही.

शनिवारी आम्ही वर्गाच्या खिडक्यांना पोती लावली, फळ्यावर चादर बांधली. सिनेमा खरंच सुरेख होता. मुठा शेंदरी, देठांवरचे डोळे गरगर फिरवणारा. म्हातारीच्या गालाला खळी. अंबूबाईचा मुठा खाष्ट, हा लाघवी. यानं भोक चुकून पाडलेलं असतं आणि शेवटी तो माफी मागून म्हातारीबरोबर गाणं म्हणतो. अंबूबाई माझ्याशेजारी मागच्या बाकावर होती. मुठा तिरका चालत आला तशी तीही खुदकन हसली.

मग सिनेमातलं पहिलं वाक्य झालं आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, “हूं.”

अंबूबाईचं हसू मावळलं. “बघा बाई,” ती हळूच म्हणाली, “हुंकार चादरीला दिला पोरांनी.” मला फार वाईट वाटलं.

पण चादर काही हुंकारासाठी थांबेना. पोरांच्या ‘हूं’मध्ये पुढचं वाक्य बुडायचं. विष्णूनं आवाज वाढवला, पोरांनी ‘हूं’ वाढवलं. शेवटी कोण काय बोलतंय ते कुणालाच कळेना.

पुढच्या रांगेत गावातल्या गजाची सहा वर्षांची लेक मैना बसली होती. ती एकाएकी गप्प झाली आणि तिनं आपला हात चादरीसमोर धरला. हाताची सावली पडद्यावर पडली. शेंदरी मुठा त्या सावलीवरून चालत पलीकडे गेला. चावला नाही. मैनानं थोडी वाट बघितली. मग ती उठली, बाकांमधून वाट काढत थेट अंबूबाईपुढे आली आणि हात पुढे करून म्हणाली, “आजी, माजं हूं चुकलं.”

अंबूबाईनं तिचा दंड धरला. मग तिनं असा चिमटा काढला की मैनाची आनंदानं किंकाळीच फुटली. सगळी पोरं वळली. पलीकडे मुठा माफी मागत होता, पण बघायला कोणी नव्हतं.

“मुठा माफी मागतो व्हय रं?” अंबूबाई विष्णूला म्हणाली. “मग त्यो मुठा कसला? बसा, सांगते.”

विष्णूनं यंत्र बंद केलं. एका खिडकीचं पोतं काढलं आणि पोरांत येऊन बसला. त्याचा चेहरा जरा पडला होता, पण मुठ्याचं पहिलं उलट उत्तर येताच तो इतका हसला की ‘हूं’ म्हणायचंच विसरला आणि त्याच्या दंडाला मुठा चावला. गोष्ट संपल्यावर अंबूबाईनंच त्याला सिनेमा पुन्हा लावायला सांगितला, आवाज बंद ठेवून. “चाल झ्याक हाय तुज्या मुठ्याची,” ती म्हणाली. विष्णू लगेच खुलला.

रविवारी सकाळी ती नेहमीच्या वेळेला आली, दूध मापताना विष्णूच्या मुठ्याची तिरकी चाल करून दाखवली आणि काल संध्याकाळी ओटीवर पोरांना बसायला जागा पुरली नाही म्हणून कुरकुर केली. ती गेल्यावर मी चहा ठेवला. दूध चांगलंच पातळ होतं. मला इतका आनंद झाला की मी तो चहा दोनदा घेतला.