मामेसासरे आणि नांदगावचा मीटर

जुन्या मोटरसायकलच्या मीटरला माणसापेक्षा जास्त मान द्यावा असं मानणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, हे माझं नशीब. मामा आचऱ्याला राहतात. मुंबईत एका कारखान्यात तीस-बत्तीस वर्षं त्यांनी काटे असलेली यंत्रं दुरुस्त केली, आणि निवृत्त झाल्यावर माडांतल्या घरी येऊन जुन्या मोटरसायकलींचे स्पीडोमीटर घेऊन बसले. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांना नमस्कार करायला गेलो तेव्हा भर दुपारी पडवीत मच्छरदाणी लावलेली होती आणि आत एक बनियनधारी गृहस्थ मांडी घालून बसले होते. मला वाटलं, मलेरिया. मी मच्छरदाणीच्या बाहेरूनच जमिनीला डोकं टेकलं. आतून आवाज आला, "जावयानू, आशीर्वाद आसा. पण जरा लांब बसा, तुमचो श्वास स्प्रिंगाक लागता."

तर ती मच्छरदाणी आजारपणाची नव्हे, धंद्याची. मीटरच्या काट्यामागे केसाएवढी बारीक स्प्रिंग असते आणि तिळाएवढे स्क्रू असतात. हातून उडाले की थेट गावच्या रामेश्वराच्या चरणी, पुन्हा दर्शन नाही. मच्छरदाणीत उडालेली वस्तू मच्छरदाणीतच राहते, हा मामांचा शोध. गावातल्या नव्या माणसांना हे माहीत नसतं. एक शेजारीण तर दोन शहाळी घेऊन आली आणि मामींना हळूच विचारू लागली, "कधीपासून असा आसा?" मामी म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून."

त्यांची हत्यारं बघून कुठल्याही मेकॅनिकने कपाळावर हात मारावा. मीटर धरायला फणसाच्या लाकडाचा, मधोमध गोल भोक पाडलेला ठोकळा. काटा उचलायला चटणीचे दोन चमचे, कानशीने घासून कागदासारखे पातळ केलेले. ते दोन्ही बाजूंनी काट्याखाली सारायचे आणि एकदम, सारख्या जोराने उचलायचे. तेलाचा थेंब सोडायला इंजेक्शनची सुई. धुतलेले भाग वाळवायला उकड्या तांदळाचा डबा, कारण आमच्या हवेत कपडे वाळत नाहीत तिथे मीटर काय वाळणार. एकदा मामींनी चुकून त्याच तांदळाची पेज केली आणि मामांच्या ताटात एक वॉशर आला. मामांनी तो पुसून खिशात टाकला आणि पेज संपवली. काचेभोवतीची पत्र्याची कड उघडायला त्यांना अर्धा दिवस लागतो. कड एका जागी जोर लावून उचकटली की वाकलीच. म्हणून केसभर उचलायची, पुढे सरकायचं, अशा तीन-चार फेऱ्या. कणकवलीहून आलेलं एक घाईतलं गिऱ्हाईक बाहेरून म्हणालं, "काका, एक दणका द्या ना." मामा म्हणाले, "दणको देवचो तर नारळ घेवन ये."

खोबरेल हा शब्द मात्र त्यांच्यासमोर काढायची सोय नाही. आम्हा किनारपट्टीच्या लोकांना खोड अशी, की काहीही कुरकुरलं की खोबरेल. बिजागरी, कुलूप, पंखा, गुडघा, सगळ्याला एकच औषध. मीटरचा काटा अडकला की केबलमधून तेच ओततात. पहिले काही महिने काटा खुशीत नाचतो, आणि मग तेलाचा आत गोंद होऊन सगळं चिकटून बसतं. म्हणून मीटर हातात आला की मामा आधी तो हुंगतात. वास आला की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाते. "मेल्या, डोक्याक लावूक तेल नाय म्हणान तुझे केस गेले, आणि हय वाटीभर वतलंस?" हे त्यांनी आमच्या बँकेच्या मॅनेजरला सुनावलेलं मी स्वतः ऐकलंय.

दुरुस्त मीटरची परीक्षा मामींच्या शिलाई मशीनवर होते. मशीनच्या चाकाला मामांनी एक जोड बसवलाय. त्यात केबल लावायची, शेजारी खात्रीचा एक नवा मीटर जोडायचा आणि मामींनी पेडल मारायचं. दोन्ही काटे एका जागी आले तर पास. मामी चाळीसपर्यंत आरामात जातात. साठला त्यांचा गुडघा दुखतो. स्वयंपाकघरातल्या भाकरीकडे एक डोळा ठेवून त्या ओरडतात, "गेलो काय तुमचो काटो साठावर? माझी भाकरी करपता!" जिल्ह्यातल्या कितीतरी मोटरसायकलस्वारांना आपला वेग मामींच्या पायांवरून ठरलाय, याची कल्पनाही नसेल.

आणि या सगळ्यापेक्षा मोठा नेम आकड्याचा. मीटरच्या खिडकीत गाडी एकूण किती किलोमीटर चालली तो आकडा असतो. तो एकेका अंकाच्या छोट्या चकत्यांचा बनलेला. साफसफाईला त्या चकत्या सुट्या कराव्या लागतात, आणि सुट्या झाल्या की आकडा गेला. म्हणून काच निघाली की मामा आतून तो मोठ्याने वाचणार, मामी तो तसाच परत म्हणणार आणि स्वयंपाकघराच्या दारामागे पेन्सिलीने, गावाच्या नावासकट, लिहिणार. काम संपलं की दार बघून चकत्या पुन्हा तशाच लावायच्या. वाचणं मामांचं, लिहिणं मामींचं; यात कधी बदल नाही. गाडी विकायला काढलेला एकजण आकडा थोडा कमी करून मागत होता. मामा म्हणाले, "बस हय. आधी तुझा वय कमी करतंय." तो मीटर न घेताच पळाला.

अशा माणसाकडे नांदगावच्या बाईंना मी घेऊन गेलो. या बाई माझ्या बायकोच्या शाळेतल्या, आता निवृत्त. त्यांचे यजमान गुरांचे डॉक्टर. लग्नाच्या वर्षी घेतलेल्या मोटरसायकलवर त्यांनी सगळा जन्म काढला. कुठे गाय अडली, कुठे रेडकू खाईना, की हे निघाले. मागच्या वर्षी ते गेले. त्यांची लेक म्हणाली, बाबांची गाडी विकायची नाही, मी चालवणार. इंजिन कणकवलीत झालं, राहिला मीटर. काच आतून इतकी मेणचटली होती की खिडकीत आकडा आहे की माशी बसलीय ते कळेना. मामांनी हुंगला. खोबरेल. पण समोर बाई होत्या, म्हणून ते नुसतेच खोकले. बाई म्हणाल्या, "एकच मागणं आहे. आकडा तेवढा हलवू नका. ह्यांनी डायरी लिहिली नाही, फोटो काढले नाहीत. सगळ्या जन्माचं फिरणं लिहून ठेवलंय ते एवढंच." मामा मच्छरदाणीतून बाहेर आले. असं ते सहसा येत नाहीत. म्हणाले, "बाईनू, आकड्याक धक्को लागूचो नाय. माझो शब्द."

आणि नेमकी त्याच आठवड्यात मामींनी ती मच्छरदाणी धुवायला काढली. चतुर्थीला पाहुणे येणार होते. त्यांनी ती दारापुढच्या खळ्यात नेऊन अशी झटकली, की मामांनी कोपऱ्यात अडकवून ठेवलेला एक स्क्रू गावभर झाला. मामा बोलले, मामी बोलल्या, मग दोघंही बोलायचे थांबले. अबोला तिसऱ्या दिवसावर गेला तेव्हा मामांनी नांदगावचा मीटर उघडला. कड निघाली, काच निघाली, आकडा दिसला. आता मोठ्याने वाचायचं तर मामींना हाक मारल्यासारखं होणार! मानी माणूस. त्यांनी मनातल्या मनात वाचला, म्हणाले पाच तर अंक, ऱ्हवतले लक्षात, आणि चकत्या काढून पेट्रोलात धुवायला टाकल्या. धुऊन, पुसून, तांदळात घालून ते जेवायला बसले. आमटी वाढताना मामींनी विचारलं, "नांदगावचो आकडो लिवचो नाय काय?" अबोला मोडला तो असा. मामांचा घास हातातच राहिला.

एक सात होता, एवढंच त्यांना आठवत होतं. कुठे होता, देव जाणे. दोन दिवस ते जेवले नाहीत. मामींचा फोन आला तसा मी आचऱ्याला धावलो. मच्छरदाणी गुंडाळून ठेवलेली, मामा भिंतीकडे तोंड करून बसलेले. त्यांना तसं बघून मला खरंच भरून आलं, आणि भरून आलं की मी मूर्खासारखा बोलतो. म्हटलं, "मामा, सात आहे ना? घाला कुठेतरी मधे. बाईंना आकडा कुठे ठाऊक आहे? त्यांना समाधान, तुम्हाला समाधान."

मामांनी माझ्याकडे बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "जावयानू, तुमका च्या घेवचा तर घेवा, आणि जावा." मी चहा न घेता आलो. माझ्या बायकोनेही मला दोन दिवस फाडून खाल्लं, ते वेगळंच.

रविवारी सकाळी मामांचाच फोन. "गाडी घेवन येवा. नांदगावाक जावचा आसा." मी पोचलो तर मामा इस्त्रीचा सदरा घालून तयार, आणि मागे मामी, हातात मीटर आणि चकत्यांचा डबा. मामा म्हणाले, "तू कित्याक?" मामी म्हणाल्या, "अबोलो काय तुमी एकट्यान धरल्यात?" आणि माझ्या कारच्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या. 

बाईंनी पाणी आणलं. मामांनी तांब्याला हात न लावता सगळं सांगून टाकलं. अबोल्यासकट. शेवटी म्हणाले, "माझ्याकडसून तुमच्या घोवाचा फिरणा पुसला गेला. माका माफ करूक सांगणंय नाय. फक्त तुमका सांगूक इलंय."

 बाईंचे डोळे भरलेले स्पष्ट दिसत होते. मला वाटलं आता या उठून आत जातील. त्या म्हणाल्या, "तुम्ही कुठलाही आकडा घालून दिला असतात तर मला कळलंही नसतं."

"माका कळला असता," मामा म्हणाले.

मी खिडकीबाहेरच्या सुपारीकडे बघत राहिलो. काय करणार!

"मग शून्यच ठेवा," बाई म्हणाल्या. मामा कळवळले. "शून्य कसो ठेवू? येवढो फिरलो तो माणूस, शून्य म्हणजे काय उंबरठो पण ओलांडूक नाय?"  मामीच शेवटी बाईंच्या शेजारी जाऊन बसल्या. "बाईनू, येक तरी आकडो तुमी कधी बघितल्यात काय? गाडी नवी असताना? आम्ही बायका काय मीटर बघणंव नाय, पण कधीतरी?"

बाईंनी डोळे पुसले आणि त्यांचा चेहराच बदलला. "एकदा बघितलाय," त्या म्हणाल्या. "माझं माहेर मालवणचं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले, तेव्हा हे नवीकोरी गाडी घेऊन मला आणायला आले. वाटेत मी भीतीने डोळे उघडले नाहीत. इथे खळ्यात गाडी थांबली, मी उतरले, तर म्हणाले, 'आता तरी डोळे उघड, हे बघ.' एकशे अठरा होते. जाऊन-येऊन, आणि गाडी आणल्यापासूनचे धरून. मला म्हणाले, बघितलंस, तू येईपर्यंत एवढंच चाललोय मी."

मामा उठले. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. "ह्यो आकडो खरो. ह्या मीटरात खरोच दिसललो आकडो. ह्योच घालू?" बाईंनी नुसती मान हलवली. मच्छरदाणी आचऱ्याला राहिलेली. मामींनी पदर दोन्ही हातांनी पसरून मामांच्या हाताखाली धरला. चकत्या एकेक करून बसल्या. मामांनी मोठ्याने वाचलं, "शून्य, शून्य, येक, येक, आठ." मामींनी तसंच परत म्हटलं. लिहायला आचऱ्याचं दार नव्हतं, म्हणून बाईच उठल्या आणि त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तो आकडा लिहिला. मग मामांनी काच बसवली, कड दाबली, आणि खळ्यातल्या मोटरसायकलला मीटर जोडला. बाई वाकून खिडकीत बघत राहिल्या. एक हात मागच्या सीटवर होता. "इथेच उतरले होते मी," त्या म्हणाल्या.

त्यानंतर मामांनी हळूहळू काम घेणं कमी केलं. हात थरथरतो म्हणतात. डोळेही थकलेत. पडवीत गेलं की मोकळीच बैठक दिसते आणि मला उगाच चुकल्यासारखं होतं. परवा कणकवलीत बाजारात बाईंच्या लेकीची मोटरसायकल उभी दिसली. लेक मासे घेत होती. मी चारचौघांत वाकून मीटरच्या खिडकीत डोळे घातले आणि तिथूनच आचऱ्याला फोन लावला. "मामा, नऊशे चार."

 मामा म्हणाले, "चलता मां?"

"चालतो."

"आणि काटो? थरथरणा नाय मां? माझो हात थरथरता होतो रे त्या दिवशी."

"अजिबात नाही," मी म्हटलं. "अगदी स्थिर आहे."

गाडी उभी होती आणि काटा शून्यावर होता, हे मी त्यांना सांगितलं नाही.