बसता न येणाऱ्यांची शेरवानी

पाठीचं ऑपरेशन यशस्वी झालं तर माणूस आपापल्या घरी जातो. फसलं तर त्याला मित्र मिळतात. मित्र मिळाले की किस्से साठतात, आणि बसता येत नसल्यामुळं ते उभ्याउभ्याच सांगावे लागतात. मी सांगतो ते सगळे खरे आहेत. दुखणं थोडं कमी करून सांगतो आणि बाकीचं थोडं वाढवून, एवढंच.

आम्ही तिघं. मी भूगोलाचा मास्तर, माझ्या कमरेत चार स्क्रू. पोस्टातल्या वाघमारेताई, त्यांच्या मानेत प्लेट. आणि शहागंजातले रफिकभाई टेलर. त्यांची कमर डॉक्टरांनी दोनदा उसवली, दोनदा शिवली. दुखणं तिथंच. "इतना कच्चा काम मेरी दुकान में होता तो गिऱ्हाईक मेरेकू मारता," असं त्यांचं मत आहे.

माझ्या डॉक्टरांनी शेवटचा एमआरआय उजेडात धरून कौतुकानं पाहिला. म्हणाले, "सुंदर! स्क्रू एकदम जागेवर."

मी म्हटलं, "मग साहेब, उद्यापासून शाळेत हा फोटोच पाठवत जाऊ का?"

*

आमची ओळख औरंगपुऱ्यातल्या फिजिओथेरपीत झाली. तिथल्या मॅडम पोरसवदा, पण शिस्तीच्या. रोज आल्या आल्या एकच प्रश्न, "आज दुखणं दहापैकी किती?"

रफिकभाईंनी पहिल्याच दिवशी अकरा सांगितलं. मॅडम म्हणाल्या, काका, दहाच्या वर नसतं. रफिकभाईंनी गळ्यातली टेप काढून पुढं धरली.

"मेरी टेप साठ इंच की है मॅडम. तुमची दहालाच कशी संपती?"

*

व्यायाम झाला की आम्ही कोपऱ्यावर चहा घेतो. तिथं एक नवा गाडीवाला आला. पहिल्या दिवशी त्यानं स्टुलं पुढं केली, आम्ही नको म्हटलं. तिघंही ताठ उभे, हाताची घडी, नजर गाडीवर. त्यानं पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. वर बिस्किटं दिली.

चौथ्या दिवशी हळूच विचारलं, "साहेब, गाडी किती फूट मागं घेऊ?"

आम्हाला तो महापालिकेच्या अतिक्रमण विभागाचे समजत होता!

*

वाघमारेताईंना मान वळवता येत नाही. एकदा स्कूटीवर मागं मिस्टरांना घेऊन निघाल्या. पंपावर पेट्रोल भरलं आणि क्रांती चौकापर्यंत सासरच्या लोकांचा समाचार घेत आल्या. तिथं गाडी थांबवून पाहिलं तर मागं कोणी नाही. मिस्टर पंपावरच.

"मग कळलं कसं?" मी विचारलं.

"पंधरा मिनिटं झाली तरी त्यांनी माझं एकही वाक्य तोडलं नव्हतं सर."

*

आता शेरवानीचं.

रफिकभाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. नवरदेव बिडकीनचा इम्रान. रफिकभाईंनी चारचौघांत शब्द दिला की जावयाची शेरवानी मी स्वतः शिवणार. आणि ह्यांना मशीनवर दहा मिनिटं बसवत नाही! आम्ही म्हटलं, भाड्यानं आणू, लई चांगल्या मिळतात.

रफिकभाईंनी हातातली कात्री खाली ठेवली. मग म्हणाले, "दर्द का क्या है सर, वो तो रहनेवाला है. लेकिन दर्जी के घर की शादी में भाडे की शेरवानी आई, तो मैं किस चीज का दर्जी?"

आम्ही मशीन उचलून कापड बेतायच्या उंच टेबलावर ठेवली. आम्ही म्हणजे शेजारच्या चपलेवाल्याच्या माणसांनी. आम्ही नुसतं "हळू, हळू" म्हणत होतो. रफिकभाई उभ्यानं शिवू लागले. पण मोटारीचं पायडल दाबलं की उजव्या पायात करंट जायचा. पाठ जमिनीला टेकली की मला मात्र बरं वाटतं. म्हणून मी टेबलाखाली चटईवर आडवा झालो आणि पायडल हातानं दाबू लागलो. वरून हुकूम यायचा, "हौ, चलो... आहिस्ता... रुको." कॉलर वाघमारेताईंच्या गळ्यावर बेतली, कारण तेवढी स्थिर मान अख्ख्या शहरात नाही. असा तीन मोडक्या माणसांचा मिळून एक शिंपी तयार झाला.

एक बाई कुर्ता कधी मिळेल म्हणून विचारायला आल्या. रफिकभाईंच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून टेबलाखालून मीच म्हटलं, "शुक्रवारी." बाई गेल्या त्या परत वळून बघेनात. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी, रफिकभाईनं जिन्न पाळलाय.

दुसऱ्या दिवशी दोन नवी गिऱ्हाइकं आली. "भाईजान, जिन्न अर्जंट में कपडे सीता क्या?"

*

लग्नाला तीन दिवस उरले आणि इम्रान मापाला आला. पोरगा गुणी, पण दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून पार प्रश्नचिन्ह झालेला. शेरवानी घातली की पाठीवर फुगा, छातीवर चुण्या. रफिकभाईंनी दोनदा उसवली, दोनदा शिवली. फुगा तिथंच. "अपनी कमर जैसाच हो गया सर," म्हणाले, आणि आम्हाला घरी पाठवून दिलं.

त्याच गडबडीत माझा कमरेचा पट्टा हरवला. रुंद, मागं चार लोखंडी पट्ट्या असलेला. बायको म्हणाली, शाळेत विसरला असाल. रफिकभाईंनी तर माझ्यापेक्षा जास्त हळहळ केली.

लग्नाच्या दिवशी इम्रान हॉलमध्ये आला आणि सगळे बघतच राहिले. झेंडावंदनाला उभा असावा तसा ताठ! पाठीवर फुगा नाही, छातीवर चुणी नाही. त्याचे वडील सगळ्यांना सांगत होते, लडका इतना सीधा तो पैदाइश के दिन भी नहीं था.

निकाह झाल्यावर मी मुबारकबाद द्यायला त्याला मिठी मारली. जरीच्या कापडाखाली हाताला काहीतरी लागलं. एक, दोन, तीन, चार. मी रफिकभाईंकडं पाहिलं. ते पंख्याकडं बघत होते.

दस्तरखान पसरला, पाहुणे जेवायला खाली बसले. आम्ही तिघं नेहमीप्रमाणं कोपऱ्यात ताटं हातात घेऊन उभे. थोड्या वेळानं नवरदेव स्वतःचं ताट घेऊन आमच्यात आला आणि हळूच म्हणाला, "अंकल, बैठा नहीं जा रहा."

वाघमारेताई अख्ख्या बाजूला सरकल्या, त्याला जागा केली.

तेवढ्यात फिजिओच्या मॅडम आल्या. सवयच ती, लग्नातही विचारलंच, "काय रफिककाका, आज दहापैकी किती?"

रफिकभाईंनी तोंडातला घास सावकाश संपवला आणि जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

"आज इनको पूछो मॅडम."