समजा, दोन पंखे आहेत

आम्ही वाशीला राहायला गेलो तेव्हा वरच्या मजल्यावर एक खगोलशास्त्रज्ञ राहत. त्यांचं जवळजवळ प्रत्येक वाक्य ‘समजा’पासून सुरू होई. “समजा, वहिनी, चहा झाला असेल...” असं म्हणत ते दारात उभे राहत.

बाळांनो, ते जोडताऱ्यांचा अभ्यास करत. एक पल्सार, म्हणजे गरगर फिरणारा मेलेला तारा, आणि दुसरा त्याचा जोडीदार. दोघांतून सतत बाहेर वाहणारे कणांचे वारे समोरासमोर आदळले की मधे तापलेल्या वायूची भिंत उभी राहते आणि तिच्यातून क्ष-किरण निघतात. ते टिपायला परदेशी उपग्रहावरच्या दुर्बिणीचा वेळ मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता. मुदत संपत आली होती. तो पोस्टात टाकायला आमचे हे नुकतेच बसस्टॉपवर गेले होते.

मला ती भिंत समजावी म्हणून शास्त्रज्ञांनी जेवणाच्या टेबलावर दोन पंखे समोरासमोर लावले, एक त्यांचा, एक माझा, आणि मधे माझी पावडर उधळली. पावडरीची भिंत थेट माझ्या पंख्याकडे झुकली.

“माझा म्हातारा झालाय हो,” मी ओशाळून म्हटलं.

ते पावडरीवर वाकले. “आणि मी अर्जात भिंत बरोबर मधोमध धरली! सगळं गणित चुकलं, वहिनी!” म्हणत अनवाणीच धावले आणि बसच्या रांगेतून यांच्या हातातला लिफाफा परत घेऊन आले.

दुरुस्त केलेला अर्ज उशिरा पोचला, म्हणून नाकारला गेला. नकाराचं पत्र घेऊन ते आले, सोबत पेढे.

“अहो, नकाराचे पेढे?”

“नाकारला तो बरोबर असलेला अर्ज नाकारला ना, चुकलेला नव्हे!”

मी दोन पेढे घेतले.