डिकीत उन्हाळा काढलेले बूट

इथे आखातात, माहूज भागातल्या आमच्या बिल्डिंगला नऊ मजले आणि दोन लिफ्ट आहेत. त्यातली एक कायम बंद असते. त्या वर्षी जानेवारीपासून मी दुसरीही वापरायची सोडली. दुपारी ड्यूटीवरून आलो की पाठीवर सॅक, सॅकमध्ये दहा किलो तांदळाची पिशवी आणि जिना. नऊ मजले वर, नऊ मजले खाली, असं सहा वेळा. केरळचा वॉचमन पहिले काही दिवस "साब, लिफ्ट चालू है" असं कळवळून सांगायचा. मग त्याने सांगणं सोडलं आणि नुसता बघत राहायला लागला. चौथ्या फेरीला गुडघे कुरकुरायचे, सहाव्या फेरीला मी स्वतःवरच खेकसायचो. पन्नाशी उलटल्यावर हे कोणी सांगितलंय, असं बायको रोज विचारायची आणि मी आंघोळीला निघून जायचो.

कोणी सांगितलं नव्हतं. मीच बोलून बसलो होतो. मुलगी नऊ वर्षांची असताना तिच्या शाळेच्या गॅदरिंगला मी पोचलो नाही. शहराबाहेर, मआमीरच्या पलीकडे आमचा प्लांट आहे, तिथे मी वीस-बावीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली आहेत. पंप, व्हॉल्व्ह, गॅस्केट, रबराची सील. पंप बंद पडला की वाढदिवस, पालकसभा, गॅदरिंग, सगळं खलास. त्या दिवशी घरी आलो तेव्हा ती नाटकातला पेंग्विनचा ड्रेस न उतरवता सोफ्यावर बसून होती. मी म्हणालो, तुझी बारावी झाली की आपण दोघंच खऱ्या बर्फाच्या डोंगरावर जाऊ, अगदी टोकापर्यंत. तिने पेंग्विनची चोच वर करून विचारलं, "प्रॉमिस?" मी प्रॉमिस म्हणालो.

अशी प्रॉमिसं मी खूप केली आणि 'पुढच्या लीव्हला बघू' म्हणत सगळी मोडली. पण ह्या एकाला मुदत होती. बारावीची परीक्षा एप्रिलमध्ये संपणार होती आणि ऑगस्टमध्ये ती शिकायला कॅनडाला जाणार होती. म्हणजे ह्याच उन्हाळ्यात, नाहीतर कधीच नाही. एक तरी शब्द पाळलेला बाप म्हणून तिला विमानात बसवायचं, एवढं मी मनाशी धरून बसलो होतो. एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमाला हॉलमध्ये खुर्च्या लावतानाही मी लोकांना तेच सांगत होतो. लोक माझ्या पोटाकडे बघून हसत होते.

डोंगर ठरवला मनालीच्या वरच्या बाजूचा. तिथल्या गाइडशी फोनवर बोललो. माझ्याच वयाचा माणूस, कमी बोलणारा. तो म्हणाला, मे संपता संपता या. मी म्हणालो, माझी लीव्ह मेच्या पहिल्या आठवड्यात आहे, नंतर प्लांटचं दुरुस्तीसाठीचं शटडाउन आहे, तेव्हा सुट्टी नाही. मग तो म्हणाला, "सर, पहाड़ को आपकी छुट्टी का पता नहीं है." मला राग आला. इथे लीव्हची तारीख जानेवारीत लिहून द्यावी लागते आणि एकदा सही झाली की ती हलत नाही, हे त्याला कोण सांगणार? सीझनच्या सुरुवातीला वरचा बर्फ बसलेला नसतो, वाट दिसत नाही, ओढे बर्फाखाली लपलेले असतात, असं तो सांगत राहिला. मी इंशाल्ला म्हणून फोन ठेवला.

आता बुटांचं सांगतो. बूट मी आदल्या वर्षीच्या जूनमध्ये सेलमध्ये घेतले होते, घोट्याच्या वरपर्यंतचे, भारी. ड्यूटीवरून परस्पर चालायला जाता यावं म्हणून ते गाडीच्या डिकीत ठेवले. चालायला गेलो दोनदा. मग उन्हाळा चढला आणि बूट डिकीतच राहिले. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर माझी गाडी रोज आठ तास प्लांटबाहेरच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी होती. त्या दिवसांत आम्ही स्टिअरिंग रुमालाने धरतो. बायको नागपूरची, तिला उन्हाचं वेगळं सांगायला नको. ती म्हणालीच होती, "तुम्हाले कितींदा सांगतलं, गाडीत काई ठेवत नका जाऊ. माह्या लिपस्टिकचं पाणी झालं मागच्या साली." मी म्हणालो, बूट काय लिपस्टिक आहे?

जानेवारीत बूट काढले तर नवेकोरे दिसत होते. जिन्यात ते घालून चढलो की खालच्या मजल्यावरची बाई दार उघडून बघायची, म्हणून सरावाला साधे स्पोर्ट्स शूज घातले आणि बूट डोंगरासाठी राखून ठेवले. उष्णतेने सील कसं आतून वाळतं आणि चिकटवलेलं कसं सुटतं, ह्यावर मी प्लांटमध्ये नव्या लोकांना लेक्चर देतो. वरून चांगलं दिसतंय म्हणून फसू नका, हे माझं ठरलेलं वाक्य आहे.

पहिल्या दिवशी देवदारांतून चढलो. खाली चिखल, मग सावलीत बर्फाचे मळकट तुकडे, मग झाडं संपली आणि सगळं पांढरं. वाटेवर रचून ठेवलेले दगड असतात म्हणे, ते सगळे बर्फाखाली गेले होते. गाइड काठी खुपसत पुढे जाई आणि आम्ही त्याच्या पावलांत पाऊल टाकायचं. एका ठिकाणी त्याने हात वर करून थांबवलं. कान देऊन ऐकलं तर पायांखाली पाणी वाहत होतं. तिथून आम्ही मोठा वळसा घातला. मुलगी माझ्या मागून चालत होती. मी विचारलं, कसं वाटतंय? "इट्स नाइस, बाबा," एवढंच ती म्हणाली.

त्या रात्री तंबूवर ताजा बर्फ पडला. सकाळी गाइड म्हणाला, आज हलायचं नाही. नवा बर्फ जुन्या बर्फावर सैल असतो, त्याला एक दिवस ऊन खाऊन बसू द्यावं लागतं. आमच्याकडे एकच दिवस जास्तीचा होता, तो असा गेला. लीव्हला येण्याआधीचे सलग बारा दिवस मी ड्यूटी केली होती आणि त्यावर तीन विमानं आणि एक बस. तंबूत पडलो तो थेट संध्याकाळीच उठलो. मध्ये एकदोनदा डोळे उघडले तेव्हा मुलगी गुडघ्यांभोवती हात बांधून माझ्याकडे तोंड करून बसलेली दिसली. मी म्हणालो, झोप गं, उद्या ताकद लागेल. आणि कूस बदलली.

संध्याकाळी बूट घालताना उजव्या टाचेला बोट आत जाईल एवढी फट दिसली. दाबली तर आतून पिवळा भुगा पडला. मला लगेच कळलं. ह्या कामाची इतकी वर्षं झाल्यावर न कळायला काय झालं? पण बोललो असतो तर गाइडने तिथूनच परत नेलं असतं. माझ्या सॅकमध्ये प्लांटच्या सवयीने केबल टाय असतातच. वायरी बांधायच्या त्या प्लास्टिकच्या पट्ट्या. चार पट्ट्या बुटाभोवती आवळल्या, वरून काळी टेप गुंडाळली आणि त्यावर गुडघ्याखालची कापडी पट्टी चढवून सगळं झाकलं. मुलगी बघत नव्हती, असं मला वाटलं.

पहाटे निघालो. पहिले दोन तास बर्फ कडक होता, पावलाखाली कुरकुरत होता, बुटांवर चढवलेले काटे छान रुतत होते. मी मनातल्या मनात गाइडला चिडवलं, बघ, झालं की नाही? मग थंडीने कडक झालेल्या केबल टाय एकामागून एक तुटल्या. प्रत्येक तुटलेली पट्टी मला घोट्याशी जाणवत होती. रबर उन्हाने जातं आणि प्लास्टिक थंडीने, हेही मला पाठ आहे. टेप आणि काट्यांच्या साखळीवर बुटाचा सोल कसाबसा लटकत होता. मी तसाच पुढे चालत राहिलो.

नऊच्या सुमारास ऊन वर आलं आणि बर्फाने दगा द्यायला सुरुवात केली. वरची पापडी पाय धरेना. एक पाऊल टिके, दुसरं मांडीपर्यंत आत जाई. पाय उपसायचा, टाकायचा, परत उपसायचा. जिन्यावरचे तांदूळ इथे काही कामाचे नव्हते. टोक दिसत होतं. अगदी समोर होतं, त्यामुळे तर जास्तच राग येत होता. त्यातच उजवा पाय कमरेपर्यंत गेला. जोर लावून उपसला तर पाय आला, बूट आला, सोल आणि काटे मात्र खालीच राहिले.

गाइडने पालथं पडून हात खोल घातला आणि सोल काढून माझ्यासमोर धरला. तुटलेल्या पट्ट्याही बघितल्या. म्हणाला, "ये कल से था?" मी मान हलवली. त्याने शिवी दिली नाही, ह्याचं मला अजून आश्चर्य वाटतं. त्याने नुसतं खाली बोट दाखवलं. मी म्हणालो, तुम्ही हिला वर घेऊन जा, मी त्या खडकाजवळ बसतो. तो म्हणाला, गाइड एकच आहे, कोणाला एकटं सोडणार नाही आणि दहानंतर हा उतार मला नको. मी भांडलो. पैसे वाढवून देतो म्हणालो, तिचं स्वप्न आहे म्हणालो, आवाज चढवला. तो शांतपणे दोर गुंडाळत राहिला.

तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, व्हॉट स्वप्न? हे तुमचं आहे."

मी म्हणालो, "अगं, प्रॉमिस केलं होतं ना. पेंग्विनच्या वेळेस."

तिने आठवायचा प्रामाणिक प्रयत्न केला, तो तिच्या कपाळावर दिसत होता. तिला पेंग्विन आठवत होता. प्रॉमिस आठवत नव्हतं. "तुम्ही चार महिने तांदूळ घेऊन जिना चढत होता," ती म्हणाली. "हाउ कुड आय से नो?" तिच्या मैत्रिणी त्याच आठवड्यात दुबईला गेल्या होत्या, शेवटचं एकत्र म्हणून. हे मला तिथे, कमरेएवढ्या बर्फात बसून कळलं.

उतरताना गाइडने माझा बूट दोराने करकचून बांधून दिला होता. मी बसून, घसरत, मध्येच ओरडत उतरत होतो. बर्फ आता लापशीसारखा झाला होता. तंबू दिसायला लागल्यावर ती माझ्या जवळ आली आणि पुढे बघतच बोलली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"काल मी होल डे वाट बघत होते. आय थॉट, फोन नाही, ड्यूटी नाही, आता आपण बोलू. यू स्लेप्ट."

"काय बोलायचं होतं?"

"नथिंग. कॅनडाला जायची भीती वाटते. आईला सांगितलं तर ती रडते."

मला लाज वाटली. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. नऊ वर्षं मी टोकाचा हिशेब करत होतो आणि तिला हवा होता तो दिवस मला आयता मिळाला होता. बर्फाने स्वतः आणून दिला होता आणि मी घोरत होतो. ह्यावर मी काय बोललो? "सगळ्यांनाच वाटते गं सुरुवातीला," असं म्हणालो. पाय घसरत होता, लक्ष बुटात होतं. ती "हं" म्हणाली आणि पुढे गेली.

परत आल्यावर शटडाउन सुरू झालं, ते जुलैपर्यंत चाललं. ऑगस्टमध्ये ती गेली. एअरपोर्टवर बायको रडली, मी बॅगांचं वजन बघत होतो. बूट बायकोने फेकून दिले. सुटलेला सोल मात्र मी प्लांटमध्ये नेला, नव्या लोकांना दाखवायला. लेक्चरमधलं माझं ते ठरलेलं वाक्य हल्ली तोंडात अडखळतं.

ऑक्टोबरमधली गोष्ट. सकाळची ड्यूटी करून आलो होतो, जेवलो होतो, पडदे ओढून आडवा झालो होतो. अंग नुसतं ठणकत होतं. इथल्या दुपारी तिथे सकाळ उजाडत असते. तिचा फोन आला. मागे काहीतरी कुरकुरत होतं, तो आवाज मी लगेच ओळखला. ह्या वर्षीचा पहिला बर्फ चार दिवसांपूर्वीच पडलाय म्हणाली, लवकरच आलाय. रूममधल्या मुली दहानंतर निघतात आणि घसरून पडतात, मी बर्फ कडक असतानाच निघते. गाइड अंकलने शिकवलं तसं, पाय सपाट टाकून.

"बूट चांगले आहेत ना?" मी विचारलं.

ती हसली. मग तिने विचारलं, "झोपला होता का, बाबा?"

"नाही," मी म्हणालो. उठून बसलो, पाय खाली सोडले, पडदा सरकवला. दुपारचं सगळं ऊन डोळ्यांत आलं.

"मग बोला," ती म्हणाली. "बसस्टॉपपर्यंत वीस मिनिटं आहेत."