झाडाचं पाणी

उन्हात राहिलेल्या बाटलीतल्या पाण्याला तापल्या प्लॅस्टिकचा वास येतो. तो आला की पाटोद्याकडची शाळा आठवते. मी तिथे शिक्षक होतो. गावात चार दिवसांनी टँकर यायचा. तालुक्याहून शिक्षण खात्याचे साहेब वृक्षारोपणाला येणार म्हणून प्रत्येक मुलाने त्या दिवसापासून रोज रोपासाठी घरून एक बाटली पाणी आणायचे, असे मीच ठरवले होते.

साहेब दोन तास उशिरा आले. मुले उन्हात रांगेत उभी होती. तिसरीतल्या शोभाची बाटली रिकामी निघाली.

"पाणी कुठंय?"

"पेले, गुर्जी. लई तहान लागलती."

"झाडाचं पाणी पेलीस?" मी सगळ्यांसमोर विचारले. मुले हसली. साहेबही हसले, टेबलावरच्या गार पाण्याचा घोट घेतला आणि त्यागावर बोलू लागले.

दुसऱ्या दिवशी शोभा दोन बाटल्या घेऊन आली. "एक कालची, एक आजची," म्हणाली. तिचे ओठ फुटले होते. घरी किती पाणी उरले, हे मी विचारले नाही. दोन्ही बाटल्या रोपाला ओतायला लावल्या आणि वर्गाला टाळ्या वाजवायला सांगितल्या.

आपला धडा मुलांपर्यंत पोचला, याचा त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.